रात्री खेळणाऱ्यांसाठी: शांत आणि लो-प्रोफाइल गेमिंग कीबोर्ड कसा निवडावा

माझी मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे झोपायची. तेव्हा मी मोठ्या विश्वासाने एक चपटा कीबोर्ड घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सायलेंट’ लिहिलं होतं. अक्षरांची बटणं खरोखरच शांत होती. पण गेममध्ये उडी मारायला स्पेसबार दाबला की ‘खडक्’ असा आवाज यायचा, आणि उडी तर दर दोन सेकंदांनी मारावी लागते. एका रात्री ती तिसऱ्यांदा उठली, तेव्हा मी कीबोर्ड उचलून कानाशी धरला आणि एकेक बटण दाबून ऐकायला बसलो. कीबोर्ड कसा निवडायचा हे मला त्या रात्री कळायला लागलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. लो-प्रोफाइल म्हणजे उंचीला कमी, बस. चपटा आहे म्हणून तो शांत असेलच असं नाही. उलट बटणाचा प्रवास, म्हणजे दाबल्यावर ते जेवढं खाली जातं ते अंतर, कमी असल्यामुळे बोट लवकर तळाला आदळतं, आणि आवाज दाबणारं काही आत बसवायला जागाही कमी उरते. त्यामुळे ‘चपटा’ आणि ‘शांत’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. गेमिंगसाठी लागणारं काम तो करतो का, हा तिसरा प्रश्न.

पहिली पायरी: आवाज कुठून येतो ते स्वतः ऐका

नवा कीबोर्ड शोधायच्या आधी सध्याच्या कीबोर्डवर पाच मिनिटं घालवा. खोली शांत असू द्या.

एक बटण अगदी हळू, तळाला टेकेपर्यंत दाबा. बहुतेक वेळा काहीच ऐकू येणार नाही. आता बोट झटकन बाजूला काढा. बटण वर उसळून ‘टप्’ असा आवाज येईल. आता तेच बटण खेळताना दाबता तसं जोरात दाबा, म्हणजे तळाचा ठोका ऐकू येईल. म्हणजे एका दाबात दोन आवाज असतात, एक जाताना आणि एक परत येताना. बरेच जण फक्त पहिल्याचा विचार करतात.

मग स्पेसबार घ्या. त्याच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला बोटाने हलके टिचके मारा. लांब बटण वाकडं खाली जाऊ नये म्हणून त्याच्याखाली एक वाकवलेली तार असते; त्या जोडणीला स्टॅबिलायझर म्हणतात. ती तार सैल असेल तर खुळखुळते. हा आवाज बारीक आणि टोकदार असतो, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला नेमका तोच टोचतो.

आता कीबोर्डखाली एक जाड टॉवेल दुमडून ठेवा आणि पुन्हा टाइप करा. आवाज एकदम खाली आला ना? जेवढा कमी झाला तेवढा तुमच्या टेबलाचा होता. पोकळ फळीचं टेबल ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं. हा आवाज नवा कीबोर्ड घेऊनही जाणार नाही, पण जाड डेस्क-मॅट अंथरून बराच जाईल. काही जणांची गरज इथेच भागते, आणि तसं झालं तर खरेदी करूच नका.

दुसरी पायरी: चपटा म्हणजे नक्की किती, आणि तो तुम्हाला हवा आहे का

प्रत्येक बटणाखाली त्याचा दाब ओळखणारा एक भाग असतो, तो स्विच; त्यात स्वतंत्र स्प्रिंग आणि सरकणारी दांडी असेल तर तो मेकॅनिकल. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं आणि २ मिलिमीटरला त्याची नोंद होते. ‘नोंद होते’ म्हणजे बटण दाबलं गेल्याचं कॉम्प्युटरला कळतं. चेरी कंपनीने २०१८ साली आणलेल्या लो-प्रोफाइल रेड स्विचमध्ये हेच आकडे ३.२ आणि १.२ मिलिमीटर आहेत, आणि स्विचची उंची १८.५ वरून ११.९ मिलिमीटरवर आली. कायल्ह कंपनीच्या चॉक या लोकप्रिय चपट्या स्विचचा प्रवास सुमारे ३ मिलिमीटर, नोंद सुमारे १.५ मिलिमीटरला. लॅपटॉपसाठी चेरीने काढलेला अतिचपटा स्विच तर फक्त ३.५ मिलिमीटर उंच आहे आणि त्याचा प्रवास १.८ मिलिमीटर.

या आकड्यांचे हातावर होणारे परिणाम दोन. पहिला चांगला: कीबोर्डची पुढची कड खाली असल्याने मनगट वर मोडून ठेवावं लागत नाही. उंच कीबोर्डला मनगटाखाली उशी लागते, चपट्याला बहुतेकांना लागत नाही. तीन-तीन तास खेळणाऱ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. मात्र कीबोर्डचे मागचे पाय उघडून ठेवलेत तर हा फायदा गेलाच, म्हणून ते मिटलेले ठेवा.

दुसरा परिणाम सवयीचा. नोंद १.२ मिलिमीटरला होत असेल तर बटणावर नुसतं बोट टेकवून बसणाऱ्याकडून चुकून दाब पडतो. शूटर गेममध्ये आडोशाला दबा धरून बसला आहात आणि बोट जरा जड झालं म्हणून ग्रेनेड सुटला, असं सुरुवातीला होणारच. बहुतेकांचा हात आठ-दहा दिवसांत बसतो. तुमची बोटं मुळातच जड असतील, तर १.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोलीवर नोंद होणारा स्विच पाहा.

लॅपटॉपवर टाइप करायची सवय असलेल्याला चपटा कीबोर्ड लगेच आवडतो. उंच बटणांवर वाढलेल्याला तो सुरुवातीला उथळ वाटतो. शक्य असेल तर मित्राचा एखाद्या संध्याकाळी वापरून पाहा.

तिसरी पायरी: स्विच निवडा (इथे घाई नको)

सगळ्या निर्णयांतला हा सर्वांत मोठा, म्हणून थोडं सविस्तर.

मेकॅनिकल स्विचचे ढोबळ तीन प्रकार. क्लिकी स्विच दाबताना मुद्दाम ‘टिक्’ वाजतो. तो आपल्या यादीतून आत्ताच बाद. टॅक्टाइलमध्ये वाटेत एक छोटा उंचवटा बोटाला जाणवतो, पण टिकटिक नसते. लिनिअर वरपासून खालपर्यंत सरळ जातो. गेमिंगसाठी बहुतेक जण लिनिअर घेतात, कारण एकच बटण भराभर दाबायला तो सोपा पडतो. आवाजाच्या बाबतीतही लिनिअर थोडा उजवा, कारण उंचवटा ओलांडल्यावर टॅक्टाइलमध्ये बोट सुटल्यासारखं तळाला जातं. ज्यांना गेमइतकंच लिखाणही करायचं आहे, त्यांनी मात्र टॅक्टाइल जरूर पाहावा.

रंगावर विसंबू नका. लाल लिनिअर, तपकिरी टॅक्टाइल आणि निळा क्लिकी हा रूढ संकेत आहे खरा, पण प्रत्येक कंपनी तो पाळत नाही. चॉकच्या पहिल्या पिढीत पांढरा स्विच क्लिकी आहे. माहितीपत्रकात ‘लिनिअर’ किंवा ‘टॅक्टाइल’ हा शब्द शोधा, रंग नंतर.

आता मुद्दा ‘सायलेंट’चा. साधा लिनिअर म्हणजे सायलेंट नव्हे. त्यात टिकटिक नसते, एवढंच. खऱ्या सायलेंट स्विचमध्ये आतल्या सरकणाऱ्या दांडीला वर आणि खाली मऊ रबरासारखे छोटे तुकडे बसवलेले असतात. तळाला टेकताना खालचा तुकडा ठोका झेलतो आणि परत येताना वरचा. पहिल्या पायरीत ऐकलेले दोन्ही आवाज त्यामुळे दबतात. या तुकड्यांना जागा लागते, म्हणून प्रवास थोडा घटतो. चेरीच्या पूर्ण उंचीच्या सायलेंट रेडमध्ये तो ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर आहे. उंच स्विचमध्ये ०.३ मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मुळात ३ मिलिमीटरच असलेल्या स्विचमध्ये ते काढणं अवघड. त्यामुळेच चपट्या आणि सायलेंट अशा दोन्ही गुणांच्या स्विचचे पर्याय उंच स्विचच्या मानाने थोडे आहेत. ते शोधावे लागतात, पण आहेत.

सायलेंट स्विचचा स्पर्श सगळ्यांना भावत नाही. तळाशी बोट कडक जागेवर न टेकता किंचित गादीवर टेकल्यासारखं वाटतं. कुणी त्याला लिबलिबीत म्हणतं. मला पहिले तीन दिवस तसंच वाटलं, आणि नंतर साध्या स्विचवर बोट ठेवलं की तेच टणक वाटायला लागलं. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे दुसऱ्याच दिवशी कंटाळून परत करायला निघणार नाही.

स्प्रिंगच्या ताकदीचाही आवाजाशी संबंध आहे. ४५ ग्रॅमच्या आसपासची हलकी स्प्रिंग पटकन तळ गाठू देते. ६० ग्रॅमची बोटाला थोपवते, त्यामुळे तळाचा ठोका हलका होतो, पण परत उसळताना ती बटण जोरात वर फेकते. सायलेंट स्विच असेल तर हा प्रश्न उरत नाही. साधा लिनिअर घेणार असाल तर मध्यम ताकदीची निवडा.

मेकॅनिकल सोडून दोन रस्ते आणखी आहेत. लॅपटॉपमध्ये असतात तसे कात्रीसारख्या सांध्याचे स्विच चपटे असतात, बऱ्यापैकी शांत असतात आणि सहसा मेकॅनिकलपेक्षा स्वस्तही पडतात. कोडी सोडवणारे, पत्त्यांचे, आरामात डावपेच आखायचे गेम खेळणाऱ्याला ते पुरतात. वेगवान गेममध्ये त्यांची अडचण कुठे येते ते पुढच्या पायरीत सांगतो.

दुसरा रस्ता चुंबकीय स्विचचा. दांडीत चुंबक असतो आणि खालचा सेन्सर चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजून बटण किती खाली गेलं ते सांगतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर हे चालतं. नोंद कुठे व्हावी ते आपणच ठरवायचं, आणि बोट जरा वर आलं की बटण सुटल्याचं धरायचं, ही सोय त्यात मिळते. स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांना तिचं मोल फार. पण चुंबकीय म्हणजे शांत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विजेचे संपर्क एकमेकांना टेकत नाहीत हे खरं, पण प्लास्टिक प्लास्टिकवर तसंच आदळतं.

याच कीबोर्डांबरोबर एक सावधगिरी. विरुद्ध दिशांची दोन बटणं दाबल्यावर शेवटचंच धरून पहिलं आपोआप सोडून देणारी सोय काही कीबोर्डांत असते. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या शूटर गेमच्या अधिकृत सर्व्हरवर अशा सोयींना मनाई केली, आणि ती चालू ठेवली तर सामन्यातून बाहेर काढलं जातं. केवळ त्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी तुमच्या गेमचे नियम वाचा.

चौथी पायरी: एका वेळी किती बटणं ओळखतो ते तपासा

कीबोर्डच्या आत तारांची जाळी असते, आडव्या ओळी आणि उभ्या ओळी. प्रत्येक बटण एका आडव्या आणि एका उभ्या ओळीच्या छेदावर बसतं. आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर चौथ्या कोपऱ्यावरचंही दाबल्यासारखं भासतं. हा घोळ टाळायला प्रत्येक बटणापाशी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, बसवतात. डायोड नसलेले कीबोर्ड घोळाची शंका आली की तिसरं बटण सरळ सोडून देतात. तिरपं पळत असताना उडी मारायला जावं आणि उडी पडूच नये, याचं कारण अनेकदा हे असतं. कात्रीच्या सांध्याच्या बऱ्याच कीबोर्डांत हीच उणीव दिसते.

घरच्या घरी तपासायची सोपी युक्ती: कुठलीही लिहायची फाइल उघडा, दोन्ही शिफ्ट बटणं दाबून धरा आणि बाकीची सगळी अक्षरं एकेक करून टाइप करा. काही अक्षरं उमटलीच नाहीत तर जाळी कमकुवत आहे. मग तुमच्या गेममधली खरी जोडी तपासा. पुढे जायचं, डावीकडे जायचं, पळायचं, उडी मारायची आणि शस्त्र बदलायचं बटण एकत्र दाबा. माहितीपत्रकात ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलं असेल तर सगळी बटणं एकदम ओळखली जातात. सहा बटणं आणि त्यांच्या जोडीला शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं ओळखणारा कीबोर्डही बहुतेक गेमना पुरतो.

पाचवी पायरी: तार की बिनतारी

हे लवकर आटपू. तार किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर), दोन्ही गेमिंगला चालतात. ब्लूटूथ मेल लिहायला ठीक, गेमला नको, कारण त्यात उशीर जास्त आणि कमी-जास्त होणारा असतो. काही कीबोर्ड तिन्ही सोयी देतात, ते सोयीचे.

पोलिंग रेटच्या आकड्यांनी दिपून जाऊ नका. १२५ हर्ट्झ म्हणजे कीबोर्डची खबर दर ८ मिलिसेकंदांनी घेतली जाते, १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. इथपर्यंतचा फरक खरा. ८००० हर्ट्झ म्हणजे ०.१२५ मिलिसेकंद, पण १४४ हर्ट्झच्या पडद्यावरही नवं चित्र यायला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात. ते पैसे चांगल्या स्टॅबिलायझरवर गेलेले मला जास्त आवडतील.

डोंगल कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, यूएसबी ३ च्या जागांमध्ये दाटीने लावू नका. त्या जागांचा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडथळा होतो. छोटी एक्स्टेंशन वायर लावून तो टेबलावर आणा, म्हणजे मधूनच बटण अडकल्यासारखं होणं थांबेल.

सहावी पायरी: आकार

पूर्ण कीबोर्डला १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग काढला की ८७ उरतात, आणि सगळं दाटीने बसवलं की ८० च्या आसपास. त्याहून लहान कीबोर्डांत ६१ किंवा ६८ बटणं. लहान घेतला की माउसला जागा मिळते आणि दोन्ही हात जवळ येतात. बाणांची बटणं लागतात का, वरची एफ-१ ते एफ-१२ ची रांग गेममध्ये वापरता का, एवढं पाहून ठरवा.

आकाराचा आवाजाशी एक संबंध आहे. खुळखुळणारी तार फक्त लांब बटणांखाली असते. १०४ बटणांच्या नेहमीच्या रचनेत अशी आठ बटणं असतात: स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस, दोन शिफ्ट आणि आकड्यांच्या भागातली शून्य, अधिक व एंटर. आकड्यांचा भाग नसलेल्या कीबोर्डात पाचच उरतात. म्हणजे बिघडायच्या जागा तीनने कमी.

सातवी पायरी: शरीर आणि कीकॅप

कीबोर्ड हातात घेऊन दोन्ही टोकांना हलकेच पिळून पाहा. कुरकुरला तर आत पोकळी आहे. आत फोमचा थर असेल तर पोकळ घुमणं कमी होतं. वजन हाही चांगला संकेत आहे: फार हलका कीबोर्ड टेबलावर सरकतो आणि वाजतोही.

मेकॅनिकल कीबोर्डचे चाहते ज्या खोल, भरीव ‘थॉक’ आवाजाचं कौतुक करतात, त्यापासून जपून. तो ऐकायला गोड आहे, पण शांत नाही. खालच्या पट्टीतला आवाज तर भिंतीतून जास्त सहज जातो.

स्विच पुढे कधी बदलता यावेत म्हणून हॉट-स्वॅपची सोय असेल तर उत्तम, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच काढून नवा बसवता येतो. पण लो-प्रोफाइलच्या जगात सगळे स्विच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. चॉकसाठी बनवलेल्या खाचेत दुसऱ्या घराण्याचा स्विच जाणार नाही. कीकॅप्सचंही, म्हणजे बटणांवरच्या प्लास्टिकच्या टोपणांचंही, तसंच: चॉकच्या पहिल्या पिढीच्या कीकॅपला खाली दोन छोटे पाय असतात, तर दुसऱ्या पिढीत नेहमीचा अधिकचिन्हासारखा आकार आहे. अधिकचिन्ह जुळलं तरी उंच कीकॅप चपट्या कीबोर्डावर बसवल्या तर तळाशी अडकू शकतात. स्विचचं नाव आणि पिढी लिहून ठेवा, मगच सुटे भाग मागवा.

उंच कीबोर्ड शांत करायला लोक कीकॅपखाली रबरी कडी घालतात. चपट्यात तो उपाय करू नका. आधीच कमी असलेला प्रवास ती कडी खाऊन टाकते.

आठवी पायरी: घरी आणल्यावर परीक्षा

इंटरनेटवरचे आवाजाचे व्हिडिओ पाहून ठरवू नका. माइक बटणांपासून वीतभर अंतरावर असतो, आणि रेकॉर्डिंगचा आवाज कमी-जास्त केलेला असतो. शांत कीबोर्ड तिथे मोठा वाटतो आणि मोठा शांत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर ऐकलेलं खरं.

मी अशी परीक्षा घेतो. घरातल्या कुणाला तरी पलीकडच्या खोलीत दार लावून बसवायचं. आपण आधी जुन्या आणि मग नव्या कीबोर्डवर प्रत्येकी दोन मिनिटं खऱ्याखुऱ्या आवेशात खेळायचं. कोणता कधी वापरला ते सांगायचं नाही. त्यांनी कागदावर फक्त एवढंच लिहायचं: काय ऐकू आलं, आणि कसलं. ‘मधूनच खडखड’ असं लिहिलं असेल तर दोष स्पेसबारचा. ‘धपधप’ असेल तर टेबलाचा. काहीच ऐकू आलं नाही, तर काम झालं.

स्पेसबार खुळखुळत असेल आणि बाकी सगळं आवडलं असेल, तर तारेच्या दोन्ही टोकांना अगदी थेंबभर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून पाहा. कीकॅप सरळ वर ओढून काढायची, तिरपी नाही. चपट्या स्विचच्या कीकॅपचे पाय नाजूक असतात. ग्रीस टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच, आणि स्विचच्या आत जाऊ द्यायचं नाही. खाण्याचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका, ते पसरतं आणि काही दिवसांनी धूळ धरून चिकट होतं. मात्र हे करायच्या आधी परतीची मुदत आणि वॉरंटीच्या अटी वाचा. कीबोर्ड नवाकोरा असताना परत करता येत असेल तर तोच मार्ग आधी.

पहिल्या आठवड्यात रोज रात्री एकदा स्पेसबारच्या तिन्ही जागांवर टिचकी मारून ऐका. पहिल्या दिवशी घट्ट असलेली तार वापराने सैल होते का ते या दिवसांतच दिसतं. खोकं तोवर फेकू नका.